सांदवाडीतल्या वाफ्यांचीही पाळी ठरवा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या शेतीच्या पानावर कापूस, सोयाबीन, तुरीचं भरपूर येते, भाव येतात, फवारणी येते, पण घरामागच्या सांदवाडीवर काहीच येत नाही म्हणून हे पत्र. सध्या गावोगावी परसबागेचा जोर आहे, बचत गटाच्या बाया, अंगणवाडी, शाळा सगळ्यांकडे बियाण्याचे पाकिटं येतात आणि काम खरंच चांगलं आहे, लेकरांच्या ताटात ताजी भाजी येते. पण यंदा या वाफ्यात काय आणि पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात काय, हे पाकिटासोबत कोणी सांगत नाही. मग पहिल्या साली वांगी लदबदून येतात, दोन-तीन सालांनी भर फुलात झाडं माना टाकतात आणि सगळे म्हणतात बियाणं बोगस निघालं.

दरवेळी बियाणंच बोगस नसते. वांगी काढून टमाटर लावले, टमाटर काढून मिरची, मग आलू, याला लोक फेरपालट समजतात. भाजी बदलली पण कूळ तेच राहिलं ना. मर रोगाचे जिवाणू या चौघांनाही धरतात आणि झाड उपटलं तरी ते कित्येक वर्षं मातीत राहतात. ओळखायचं सोपं आहे, हिरवंगार झाड एकाएकी सुकलं तर बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात धरा, दुधासारखे पांढरे धागे खाली उतरले तर समजायचं जिवाणू आहे, त्या वाफ्यात या कुळाचं आता काही लावायचं नाही. कुंपणाला धोतरा, भुईरिंगणी असेल तर तेही काढा, तेही याच कुळातले.

आपल्या भागात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते भेंडीकडे. भेंडी, अंबाडी आणि कापूस एका कुळाचे. कापसावरची ठिपक्याची बोंडअळी तीच भेंडीचे शेंडे आणि फळं पोखरते, लाल ढेकण्या दोघांवर, तुडतुडे दोघांवर, गुलाबी बोंडअळीसुद्धा भेंडीवर जगू शकते. तरी आपल्याकडे कापसाच्या धुऱ्यावर (बांधावर) भेंडी आणि अंबाडी टाकायची पद्धत आहे! म्हणजे कापूस निघाल्यावरही त्या अळीला खायला राहतेच. कापसाच्या वावरात, धुऱ्यावर भेंडी लावू नका आणि घरी लावली असेल तर कापसाच्या शेवटी तीही उपटून टाका, एवढं जरी लोकांपर्यंत गेलं तरी खूप आहे.

आता पाळी कशी लावायची. पुस्तकातले चार-पाच वाफ्यांचे तक्ते आपल्याकडे बसत नाहीत, कारण आपलं वांगं मृगात लावलं की शिमग्यापर्यंत हलत नाही. म्हणून मला तीन वाफे बरे वाटतात. एकात वांगी-मिरची-टमाटर वर्षभर. दुसऱ्यात पावसाळ्यात बरबटी (चवळी) नाहीतर गवार, ते दिवाळीपर्यंत उरकते, मग झाडं उपटायची नाहीत, बुडातून कापायची, मुळं मातीतच राहू द्यायची कारण त्यांच्या गाठींमधलं नत्र कुजून जमिनीला मिळते, आणि तिथंच थंडीत गोबी लावायची, तिला नत्र भरपूर लागते. तिसऱ्यात भेंडी आणि नंतर कांदा, लसूण, पालक, सांभार (कोथिंबीर). पुढच्या साली वांग्याच्या जागी बरबटी-गोबी, तिच्या जागी भेंडी-कांदा आणि भेंडीच्या जागी वांगी. दोडका, कारलं, कोहळं कुंपणावर, त्यांचीही बाजू बदलत राहायची. मुंगना (शेवगा), कढीपत्ता, मोरीच्या पाण्यावरचा धोपा (अळू) जिथल्या तिथं.

बरबटीच्या मुळांवरच्या गाठी पाहून काही लोक घाबरतात. नखानं सहज सुटते आणि आतून गुलाबी निघते ती गाठ चांगली. मूळच फुगलेलं असेल, गाठ सुटत नसेल तर ती सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक जंतांची, आणि ती बरबटी, वांगी, भेंडी, काकडी सगळ्यांना होते. तिथं एक हंगाम वाफाभर दाट झेंडू लावा, कडेनं दोन रोपं लावून भागत नाही. दसऱ्याला फुलंही विकल्या जातात.

फेरपालटानं सगळं जाते असंही नाही. पांढरी माशी उडत येते, टमाटर पोखरणारी अळी तर तुरीवर आणि हरभऱ्यावर असते तीच, तिला वाफा बदलल्यानं काही फरक पडत नाही. आणि ज्याच्या वाफ्यात मर आधीच घुसली त्याला दोन सालांचं अंतर पुरत नाही, त्यानं वांगी-टमाटर दुसरीकडची चांगली माती आणून पोत्यात नाहीतर कुंडीत घ्यावी आणि तो वाफा मे महिन्यात भिजवून पारदर्शक प्लास्टिकनं महिना-दीड महिना हवाबंद झाकून ठेवावा. त्यानं सगळा रोग मरतो असं नाही, पण जोर बराच कमी होतो, आणि आपल्या चंद्रपूरसारखं ऊन कुठं मिळणार.

माझी विनंती एवढीच की तुम्ही शेतीच्या पानावर एक तक्ता छापावा, आपल्याच नावांनी, म्हणजे बटाटा नाही आलू, चवळी नाही बरबटी, कोण कोणाच्या कुळातलं आणि कोणामागे काय लावायचं. बियाणं वाटणाऱ्यांनी तोच पाकिटासोबत द्यावा. आणि मृगाच्या आधी छापा, एकदा वांग्याची रोपं लागली की त्या वाफ्याचं वर्ष ठरून जाते.

आपली एक वाचक,
ता. वरोरा, जि. चंद्रपूर