गंजरोधक कोटिंगनंतरही दरवाजाच्या जोडात गंज : तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
वाहन गंजरोधक कोटिंग सेवा, नाशिक

विषय : हमीच्या मुदतीत दरवाजाच्या जोडात आतून धरलेला गंज, दुरुस्तीचा खर्च आणि काम नव्याने करून मिळण्याबाबत

महोदय,

तीन पावसाळ्यांपूर्वी, गाडी नवी असताना, आम्ही तुमच्या नाशिकच्या केंद्रात गंजरोधक कोटिंग करून घेतलं. पाच वर्षांचं हमीपत्र मिळालं. आज त्याच गाडीचा मागचा डावा दरवाजा खालच्या कडेने आतून सडला आहे. माझ्या पहिल्या तक्रारीला तुमच्या शाखेने दिलेलं उत्तर असं, की गाडी अतिपावसाच्या भागात वापरल्यामुळे आणि वार्षिक तपासणी चुकल्यामुळे हमी लागू होत नाही. हे उत्तर मला मान्य नाही. ते का मान्य नाही हे सविस्तर लिहिते, कारण पत्र्याच्या जोडात नेमकं काय झालं याचा त्या उत्तरात उल्लेखच नाही.

माझे पती घोटीच्या शाळेत शिक्षक आहेत. शाळा असेल तेव्हा गाडी नाशिक ते घोटी आणि परत धावते. विल्होळी मागे पडून वाडीवऱ्हे आलं की जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा जोर कसा असतो, हे तुम्ही नाशिकला धंदा करता म्हणजे तुम्हाला माहीत आहेच. कोटिंग घेताना आम्ही हा रस्ता स्पष्ट सांगितला होता. तुमच्या प्रतिनिधीने तेव्हा सांगितलं की अशा गाड्यांनाच याची खरी गरज असते, आणि नुसत्या खालच्या भागाऐवजी ‘आतील पोकळ भाग व सांधे’ धरणारं महाग काम घ्यायला लावलं. पावतीवर तेच शब्द छापलेले आहेत. ज्या पावसासाठी पैसे घेतले, तोच पाऊस आता हमी नाकारायला पुढे केला जातो आहे.

गेल्या दसऱ्याच्या आधी गाडी धुताना दरवाजाच्या खालच्या कडेला रंगाचे बारीक फोड दिसले. वडाळा नाक्याजवळच्या एका अनुभवी डेंटरकडे गाडी नेली. त्यांनी दरवाजाचं आतलं पॅड काढलं. काचेच्या फटीतून दरवाजात पाणी जातंच, म्हणून ते निघून जायला दरवाजाच्या तळाशी कारखान्यातूनच भोकं ठेवलेली असतात. ती भोकं तुमच्या काळ्या जाड थराने बुजलेली निघाली. तारेने एक मोकळं केलं तर आतून तपकिरी पाणी आलं, त्यात गंजाचे पापुद्रे होते. आरशाने पाहिलं तर पत्रा दुमडलेल्या तळाच्या घडीवर, गंज रोखायला आतून फवारायच्या मेणाचा किंवा तेलाचा मागमूसही नव्हता. बाहेरून मात्र कोटिंग अगदी शाबूत होतं.

मी अंबडच्या एका कारखान्यात स्पॉट वेल्डिंगच्या तपासणीचं काम करते. पत्र्याचे जोड हा माझा रोजचा विषय आहे, त्यामुळे थोडं खोलात लिहिते.

गाडीचा सांगाडा म्हणजे पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून ठिपक्याठिपक्यांनी वेल्ड केलेल्या असतात. दोन ठिपक्यांच्या मधे पत्रे फक्त टेकलेले असतात, बारीक फट राहतेच. दरवाजाला तर बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्याच्या कडेवर दुमडून घातलेला असतो. हा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. कारखान्यात सगळी बॉडी विजेच्या प्रवाहाने बसणाऱ्या प्रायमरच्या (रंगाखालच्या पहिल्या थराच्या) टाकीत बुडवतात, पण तो थर वीस मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असतो आणि अशा चिमटलेल्या फटीत विजेचा प्रवाह नीट पोहोचत नाही, म्हणून तिथे प्रायमर पातळ बसतो किंवा बसतच नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घेतला तरी वेल्डच्या ठिपक्यापाशी उष्णतेने जस्त उडून जातं. जस्त 907 अंश सेल्सियसला उकळतं, आणि लोखंड वितळायला त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. थोडक्यात, गाडीतली गंजाला सगळ्यात उघडी जागा बाहेरून कधी दिसत नाही.

अशा फटीत पाणी आपोआप वर ओढलं जातं आणि वाळायला सर्वांत उशीर लावतं. शिवाय फटीच्या आत प्राणवायू कमी आणि तोंडाशी जास्त, या फरकामुळे आतल्या पत्र्याची झीज वाढते. गंज मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा घेतो, म्हणून तो दोन पत्र्यांना पाचरीसारखा उघडत जातो. फट रुंदावली की आणखी पाणी. बाहेरच्या रंगावर फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. वरून कितीही जाड काळं डांबरी कोटिंग मारलं तरी याला काहीही अटकाव होत नाही.

अटकाव होतो तो पातळ, सरपटत जाणाऱ्या मेणाने किंवा तेलाने. गाडी धुवून पूर्ण वाळवायची. दाबाच्या हवेने जोड फुंकायचे. रबरी बुचं काढून लांब लवचीक नळी आत सोडायची आणि चहूबाजूंनी फवारणाऱ्या तोंडाने सावकाश मागे ओढत यायची. खालच्या घडीतून आणि भोकांतून मेण ठिबकू लागलं की ते फटीत पोहोचलं असं समजायचं. शेवटी भोकं तारेने पुन्हा मोकळी करायची. हे शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे, आणि बाकी सगळं कितीही चांगलं केलं तरी ते राहिलं तर दरवाजा पाण्याचा डबा होतो.

आमच्या गाडीचं काय झालं? जुलै महिना होता. सकाळी गाडी तुमच्या केंद्रात दिली, दाबाच्या पाण्याने धुतली आणि दुपारी कोटिंग करून परत मिळाली. भर पावसाळ्यात, दमट हवेत, तेवढ्या वेळात दरवाजाची घडी आतून वाळणं शक्य नाही. ओल्या जोडावर जाड थर बसला आणि भोकं बंद झाली. काम न करता गाडी तशीच दिली असती तर निदान पाणी वाहून तरी गेलं असतं. हे वाक्य मी विचार करून लिहीत आहे. माझा आरोप एवढाच मर्यादित नाही की कोटिंग कमी पडलं. तुमच्या कामाने गंज वाढवला, असं माझं म्हणणं आहे.

तुमच्या सेवा प्रमुखांनी फोनवर सुचवलं की गाडी आणा, त्या जागेवर मोफत दुसरा थर मारून देतो. मी नकार दिला आणि आजही नकारच आहे. गंजावर डांबरी थर मारला की तो वाळल्यावर कडक होतो, त्याला तडे जातात, आणि तड्यातून गेलेलं पाणी थराच्या मागे अडकून राहतं. गंज रोखणारं रसायन वरून लावूनही भागत नाही, कारण ते घडीच्या आत शिरत नाही. ती घडी उघडूनच साफ करावी लागेल, नाहीतर दरवाजाचा खालचा पत्रा कापून नवा बसवावा लागेल.

उत्तरातला दुसरा मुद्दा वार्षिक तपासणी चुकल्याचा आहे. हमीपत्रावर तुमच्याच केंद्राचे शिक्के आहेत, छायाप्रत सोबत जोडली आहे. त्या प्रत्येक तपासणीत तुमच्या माणसाने गाडी उचलून खालून टॉर्च मारला. दरवाजाच्या भोकात तार घालून पाहायला त्याला कोणी शिकवलेलं नसावं. त्या मुलांवर माझा राग नाही. ती पद्धत ठरवणाऱ्यांनी जोड तपासायचे असतात हे लिहूनच ठेवलेलं नाही.

माझी मागणी अशी आहे. आमच्या समक्ष, बारीक कॅमेरा आत घालून चारही दरवाजे, दोन्ही बाजूंच्या फूटबोर्डाखालचे पोकळ पट्टे आणि डिकीच्या दाराची खालची घडी तपासावी आणि त्याची चित्रफीत आम्हाला द्यावी. मागच्या डाव्या दरवाजाची पत्रा बदलून किंवा दरवाजाच बदलून दुरुस्ती तुमच्या खर्चाने व्हावी, रंगासह. उजव्या बाजूच्या फूटबोर्डाखाली जोडाच्या सीलवर बारीक तडा दिसतो, तोही याच तपासणीत उघडून पाहावा. मग सगळी भोकं मोकळी करून, कोरड्या हवेत, आतून मेणाचं काम नव्याने करावं आणि हमीची मुदत त्या तारखेपासून धरावी. हे जमत नसेल तर पावतीवरची पूर्ण रक्कम आणि डेंटरच्या अंदाजपत्रकातली रक्कम परत द्यावी.

याशिवाय एक विनंती, जिचा माझ्या पैशांशी संबंध नाही. जून ते सप्टेंबरमध्ये आलेल्या गाड्या एक रात्र तरी शेडमध्ये वाळवल्याशिवाय त्यांच्यावर फवारणी करू नका. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे रोज जाणारे किती शिक्षक, परिचारिका आणि भाजीवाले तुमच्याकडे येत असतील. त्यांच्या गाड्यांच्या दरवाजांतही आज पाणी उभं असू शकतं. त्यांना बोलावून भोकं तरी उघडून द्या.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) नोंद करून, ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तिथे तक्रार दाखल करायच्या दोन वर्षांच्या मुदतीची मला कल्पना आहे आणि ती मी ओलांडू देणार नाही.

दरवाजा उघडलेल्या स्थितीतच ठेवला आहे, दुरुस्तीला अजून हात लावलेला नाही. काढलेले पापुद्रे आणि बुजलेल्या भोकातला काळा थर पिशवीत जपून ठेवला आहे. शनिवारी दुपारनंतर किंवा रविवारी गाडी घरी असते. तपासणीला यायच्या आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे डेंटरनाही बोलावता येईल.

आपली,
हमीपत्रधारक ग्राहक, नाशिक
(नाव, पत्ता व वाहन क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत : पावती व हमीपत्राची छायाप्रत, तपासणीचे शिक्के असलेलं पान, दरवाजाची छायाचित्रं, डेंटरचं अंदाजपत्रक