चवथीच्या साफसफाईत गेमच्या कॅसेटी भंगारात घालू नका

संपादक महोदय,

चवथीच्या आधी गोव्यात घराला रंग काढताना माळा रिकामा होतो आणि जुने व्हिडिओ गेम 'चालत नाहीत' म्हणून भंगारवाल्याकडे जातात. त्यात कॅसेट आणि सीडी दोन्ही सारख्याच निकामी समजल्या जातात. पण बंद पडलेली कॅसेट बहुतेक वेळा बिघडलेली नसते, मळलेली असते.

कॅसेटमध्ये फिरणारा एकही भाग नाही. आत सर्किट बोर्ड, त्यावर चिप (स्वस्त टीव्ही गेमच्या कॅसेटीत ती डांबराच्या थेंबासारख्या काळ्या गोळ्याखाली असते) आणि खालच्या कडेला गेमच्या यंत्राला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची रांग. आपल्या दमट, खाऱ्या हवेत या पट्ट्या काळवंडतात, मग पडद्यावर नुसते रंगीत चौकोन दिसतात. कृपया फुंकर मारू नका. तोंडातला ओलावा पट्ट्यांवर बसून गंज वाढतो. फुंकर मारल्यावर गेम सुरू होतो तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. 99 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्या आणि काडी स्वच्छ निघेपर्यंत पट्ट्या लांबीच्या दिशेने पुसा. दहा मिनिटे वाळू द्या. सँडपेपर मुळीच नको, मुलामा निघून जातो.

गेम चालतो पण सेव्ह (खेळ कुठवर आला याची साठवलेली नोंद) टिकत नाही, असे असेल तर आतली 3 व्होल्टची बॅटरी संपलेली असते. बहुधा सीआर2032. सोल्डरिंगसाठी धातूच्या छोट्या पट्ट्या आधीच जोडलेली बॅटरीच आणा. उघड्या सेलवर सोल्डरिंगची उष्णता दिली तर तो फुटू शकतो. बॅटरी काढताच जुने सेव्ह पुसले जाते, हे मुलांना आधी सांगा.

सीडीत जागा प्रचंड. 1994 च्या प्लेस्टेशन या गेम यंत्राच्या सीडीवर साधारण 650 एमबी मावत, तर निंटेंडो 64 या यंत्राची सर्वांत मोठी कॅसेट 64 एमबीची. मात्र सीडीचा माहिती वाचून देणारा चंदेरी थर चित्राच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. चकचकीत बाजूवरचा ओरखडा पॉलिशने जातो, चित्राच्या बाजूचा जात नाही. सीडी ट्यूबलाइटसमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथली माहिती गेली. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. सीडी स्वच्छ असूनही वाचली जात नसेल तर यंत्राच्या लेन्सवरची धूळ आधी पाहा.

दोन्ही प्रकार झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत, आणि पावसाळ्यात पुड्या बदलाव्यात. माळा नको, कौलांखाली उन्हाळ्यात फार तापते.

– एक वाचक, फोंडा