माणसं झोपणाऱ्या गाडीत जनरेटर कुठं बसवता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढी वारीसाठी दिंड्यांच्या गाड्या सजू लागल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, गाड्यांवरची रोषणाई, सगळं तिच्यात होतं. ही रोषणाई ज्याच्यावर चालते त्या जनरेटरबद्दल मात्र एक ओळ नव्हती. मी अंबाजोगाईत जनरेटर दुरुस्तीचं आणि ट्रकच्या बॉडीतल्या वायरिंगचं काम करतो. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परळीवरून आमच्या गावात येते. तिच्या मागंपुढं चालणाऱ्या गाड्यांचे जनरेटर रात्रीबेरात्री बंद पडले की आम्हा मिस्त्र्यांना हाक येते. त्यामुळं या गाड्या मी आतून पाहिल्या आहेत, आणि जे पाहिलं त्यावर लिहिणं भाग आहे.

यंदा आमच्या भागातल्या एका दिंडीनं जुना चाळीस फुटी ट्रेलर घेतला आणि त्याची राहण्याची गाडी करायचं ठरवलं. खाली-वर मिळून तीस बर्थ, हजार लिटरची टाकी, आजारी माणसासाठी एक छोटी खोली. खजिनदारांचा पुतण्या अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याच्याकडं तिकडची ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात तशी मोठी घरगाडी आहे. तिचे फोटो आले आणि सगळ्यांनी एकच धरलं, मिस्त्री, अगदी अशीच करा.

फोटो मी बारकाईनं पाहिले. ही गाडी साध्या कॅरव्हॅनसारखी मागच्या हुकाला अडकवत नाहीत. पिकअपच्या हौद्यात, मागच्या धुरीच्या वर एक जाड तबकडी बसवलेली असते आणि ट्रेलरची किंगपिन, म्हणजे पुढच्या भागाखालची जाड खुंटी, तिच्यात जाऊन बसते. आपला घोडा, म्हणजे पुढची ओढणारी गाडी, आणि ट्रॉला जोडतात ती हीच पद्धत. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार पिनवर येतो. पुढचा भाग पिकअपच्या वर उचललेला असतो, त्याच्या पोटात एक बंद कप्पा असतो आणि बऱ्याच गाड्यांत जनरेटर तिथं बसवतात. कप्प्याला राहण्याच्या भागाकडं एकही भोक नाही, हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो. आतल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे धुरातल्या विषारी वायूचा, अलार्म असतो, तिकडच्या मानकात तो सक्तीचा आहे. फोटोतलं खरं घेण्यासारखं एवढंच होतं. बाकी सोफे न्‌ शेकोटीची काच राहिली तरी चालेल.

तिथलाच जनरेटर मागवू, असंही एकानं सुचवलं. पुतण्याच्या गाडीत साडेपाच किलोवॅटचा आहे आणि त्यावर सव्वा-सव्वा टनाचे दोन एसी चालतात. पण तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तो जनरेटर इकडं आणला तर आपला पंप, पंखे, एसी त्यावर नीट चालणार नाहीत आणि सुटे भाग अंबाजोगाईत तर सोडाच, संभाजीनगरलाही मिळणार नाहीत. तो विषय तिथंच संपला.

मग समितीचं मत पडलं की पंचवीस केव्हीएचा घेऊन टाकू, कटकट नको. हे मी दरवर्षी ऐकतो. मोठा जनरेटर म्हणजे सुरक्षित, अशी लोकांची समजूत आहे. डिझेल इंजिनाला मात्र ओझं लागतं. पंचवीस केव्हीए म्हणजे वीस किलोवॅट. त्यावर तीन-चार किलोवॅटचे दिवे न्‌ पंखे रात्रभर लावले की इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी गळायला लागतं आणि दोन हंगामात सिलिंडरचा लायनर, म्हणजे आतलं अस्तर, चकचकीत होऊन इंजिन तेल खायला लागतं. ताकदीच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतका तरी लोड सतत हवा. वर डिझेल जास्त, वजन जास्त, आवाज जास्त.

म्हणून आधी कागद घेतला. तीस बर्थला तीस पंखे. साधा पंखा पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी म्हणतात तो कमी विजेचा पंखा तीस वॅटच्या आसपास. बीएलडीसी लावले की सगळे मिळून नऊशे वॅट. पंप एक हॉर्सपॉवरचा, चालताना अकराशे वॅट, पण सुरू होताना तो क्षणभर तिप्पट-चौपट ओढतो. जनरेटर छोटा असेल तर नेमका तिथंच गुदमरतो. आजाऱ्याच्या खोलीत एक टनाचा इन्व्हर्टर एसी, बाराशे धरला. साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना पाच-सहा पट झटका देतो, इन्व्हर्टरवाला हळूहळू चढतो. जनरेटरवर चालवायचा तर इन्व्हर्टरवालाच घ्यावा. कीर्तनाचा माइक न्‌ स्पीकर पाचशे, दिवे तीनशे, आणि शंभर मोबाइल एकदम चार्जिंगला लागले तर हजार. हे शेवटचं कुणी धरत नाही आणि सगळ्यात आधी भांडण त्यावरूनच होतं.

पंखे रात्रभर लागतात, बाकी काही लागत नाही. दहा ते पहाटे चार, सहा तास, नऊशे वॅट. म्हणजे साडेपाच युनिट. एवढ्यासाठी रात्रभर डिझेल जाळायचं कारण नाही. अठ्ठेचाळीस व्होल्ट, दोनशे अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली की दहा युनिटचा साठा होतो. रात्र निघते आणि वर शिल्लक राहते. छतावर साडेपाचशे वॅटचे आठ पॅनेल बसतात. आषाढात ढग असतात, त्यामुळं सगळा भरवसा सूर्यावर ठेवता येत नाही; उरलेलं चार्जिंग जनरेटरनं संध्याकाळी करायचं. पंप आणि बॅटरीचं चार्जिंग एका वेळी चालणार नाही असा इंटरलॉक टाकला, की सगळं मिळून साडेपाच किलोवॅटच्या आसपास येतं. बालाघाटाच्या माथ्यावर आपण दोन हजार फुटांच्या आसपास असतो, दर हजार फुटांना इंजिनाची ताकद तीनेक टक्के कमी होते, तेवढी सूट धरली. साडेसात केव्हीए कागदावर बसत होता, पण पंपाच्या झटक्याला जागा उरत नव्हती. दहा केव्हीए घ्यायचं ठरलं. म्हणजे आठ किलोवॅट. समितीला आधी ते कमीपणाचं वाटलं, हिशेब वाचून दाखवल्यावर पटलं. संध्याकाळचे तीन-चार तास आणि पहाटेचा एखादा तास चालवायचा, तासाला दोन-अडीच लिटर डिझेल. रात्री गाडी पूर्ण शांत. दमून आलेल्या माणसाला डोळा लागणं किती मोलाचं असतं हे पंधरा-वीस किलोमीटर चालून आलेल्यालाच विचारावं.

इथपर्यंत पैशाचा आणि सोयीचा प्रश्न. आता जिवाचा.

जनरेटर कुठं ठेवायचा, यावर आमची खरी वादावादी झाली. एकाचं म्हणणं, मागच्या दारापाशी ठेवा, डिझेल भरायला सोपं. दुसरा म्हणाला, बर्थखाली कप्पा करा, चोरीची भीती नाही. दोन्हीला मी ठाम नकार दिला. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड तळातल्या फटीतून आत आल्याचं तपासात पुढं आलं. त्या वायूला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. जागा असेल त्याचं डोकं दुखतं, मळमळतं, आणि तो म्हणतो, जेवण बाधलं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका मुक्कामी पावसाचा जोर होता म्हणून पोरांनी छोटा पेट्रोल जनरेटर ट्रकच्या ताडपत्रीखाली ओढून घेतला. मला बोलावलं होतं ते लाइट कमी-जास्त होते म्हणून. जाऊन पाहतो तर तीन-चार जण ओकत होते आणि एक लेकरू उठवूनही उठत नव्हतं. सगळे भगरीला दोष देत होते. आम्ही जनरेटर बंद केला, ताडपत्री फाडून काढली, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणलं आणि लेकराला दवाखान्यात हलवून ऑक्सिजन लावायला लावला. ते वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत तोच जनरेटर पुन्हा आत दिसला, तेव्हा मला जो संताप आला तो अजून ओसरलेला नाही. पेट्रोलच्या छोट्या जनरेटरमध्ये हा वायू डिझेलपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि नेमका तोच हलका, उचलून आत ठेवण्यासारखा असतो.

आमच्या ट्रेलरवर जनरेटर सगळ्यात पुढं, घोड्याच्या मागं, किंगपिनच्या वरच्या उंच भागात उघड्यावर बसवतोय. सायलेंट कॅनॉपीसकट, म्हणजे आवाज अडवणाऱ्या पेटीसकट, त्याचं वजन पाच-सहाशे किलो, ते पिनवर येतं आणि मागच्या चाकांवर पाण्याच्या टाकीसाठी जागा उरते. त्याच्या आणि राहण्याच्या भागाच्या मध्ये सलग पत्र्याची भिंत. वायरसाठी भोक लागलं तिथं वायरभोवती घट्ट बसणारी ग्लँड टाकून सील केलं. सायलेन्सरचा पाइप छताच्या वर नेला, कारण उभ्या गाडीजवळ वारा फिरून धूर खिडकीतून आत येतो. आत दोन अलार्म, एक पुढं, एक मागं, उशीच्या उंचीला. यांची किंमत एका चांगल्या स्पीकरपेक्षा कमी आहे. गाडी चालू असताना आत कुणी बसायचं नाही, हाही नियम लिहून लावला आहे; दिंडीत तशी वेळ येत नाही, लोक चालतच असतात.

अर्थिंगबद्दलही सांगायला हवं, कारण ते सगळेच विसरतात. बऱ्याच जनरेटरचं न्यूट्रल अर्थला जोडलेलं नसतं. अशा वेळी तुम्ही कितीही भारी आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावा, पत्र्यात करंट उतरला तरी ती पडेलच असं नाही. न्यूट्रल आणि बॉडी जनरेटरपाशी एकाच ठिकाणी जोडायची, प्रत्येक मुक्कामाला रॉड जमिनीत ठोकायचा आणि तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बटण दाबून तपासायची. आषाढात आपली काळी जमीन ओली असते, रॉड सहज जातो आणि अर्थही चांगला मिळतो. पण तीच ओली जमीन अनवाणी वारकऱ्याच्या पायाखाली असते, हे विसरू नये.

संपादक महोदय, राज्यानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, गाडीत परवानगीशिवाय बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरना धुराचे कडक निकष आले आणि डिझेलच्या सायलेंट जनरेटरचा आवाज एक मीटरवर पंचाहत्तर डेसिबलच्या आत हवा हा नियम तर त्याच्याही आधीचा आहे. पण गावातल्या शेडमध्ये वेल्डिंग करून जी गाडी उभी राहते तिच्यापर्यंत यातलं काही पोचत नाही. दिंडीच्या गाड्यांना वारीत पास दिले जातात. तो पास देताना फक्त एवढं पाहावं: जनरेटर झोपण्याच्या भागापासून पूर्ण वेगळा आहे का, धूर वर जातो का, आत अलार्म आहे का. पाच मिनिटांचं काम आहे. टेम्पोत ठेवलेला सुटा पेट्रोल जनरेटर असेल तर तो गाडीपासून वीस फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला चालवण्याची लेखी हमी घ्यावी.

आणि दुसरी मागणी महावितरण आणि ग्रामपंचायतींकडं आहे. अमेरिकेत घरगाडी कॅम्पवर पोचली की खांबावर तीस किंवा पन्नास अँपिअरचं सॉकेट असतं, तिथं केबल जोडतात आणि जनरेटर बंद ठेवतात. आपल्याकडं पालख्यांचे मुक्काम ठरलेले आहेत. शेगावच्या पालखीला परळी, अंबाजोगाई, तुळजापूर ही गावं दरवर्षी येतात, पैठणहून नाथांची पालखी पाटोदा, परांड्यावरून जाते. या मुक्कामांवर मीटर आणि आरसीसीबीसकट बत्तीस अँपिअरच्या निळ्या सॉकेटचे आठ-दहा पॉइंट पक्के बसवले, तर दिंडीवाले युनिटचे पैसे आनंदानं देतील. डिझेलपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. तळावर धडधडणारे निम्मे जनरेटर त्या रात्री सुरूच करावे लागणार नाहीत. लग्नाला, यात्रेला तात्पुरती जोडणी मिळते. ही तर दरवर्षीची ठरलेली तारीख आहे.

आमच्या ट्रेलरचा लोडचा हिशेब, वायरिंगचा आराखडा आणि जनरेटरच्या जागेची मापं मी कागदावर काढून ठेवली आहेत. कोणत्याही दिंडीला किंवा बॉडी बांधणाऱ्या मिस्त्र्याला हवी असतील तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी झेरॉक्स पाठवीन. वारी निघायला अजून अवकाश आहे. ज्यांच्या गाडीत जनरेटर आत बसवला आहे त्यांनी तो याच आठवड्यात बाहेर काढावा.

आपला,
एक जनरेटर मिस्त्री
अंबाजोगाई, जि. बीड