लॅसिक हे ऑपरेशनच आहे, तसंच छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला चष्मा घालवण्याच्या लेझरवरचा पानभर लेख वाचला. रात्रीच लिहायला बसणार होते, पण म्हटलं रागाच्या भरात भलतंच काहीतरी लिहिलं जाईल म्हणून थांबले, सकाळी चहाबरोबर परत वाचला आणि राग आहे तिथेच आहे. लॅसिकला ऑपरेशन म्हणायचीही गरज नाही, दहा मिनिटांत लेझर मारून माणूस चालत घरी जातो, असं तुमच्या लेखकाने लिहिलंय. हे वाक्य कृपा करून मागे घ्या. याच समजुतीपायी माझा उजवा डोळा चुकला.

मी लॅसिक केलं २००३ साली, पुण्यात. वय २९, उजव्याला साडेसात आणि डाव्याला सव्वाआठ, दोन्ही मायनस. सकाळी डोळे उघडले की आधी उशीजवळ चष्मा चाचपडायचा, अशी लहानपणापासूनची सवय, त्यामुळे तेव्हा मला कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी केलंच असतं. आणि झालंही छान, ते मी नाकारत नाही. तेव्हा फ्लॅप, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक काचेचा वरचा पातळ पापुद्रा, ब्लेडने कापायचे. डोळ्यावर रिंग दाबून बसवली की काही सेकंद सगळा अंधार, मग घरघर आवाज, मग लाल ठिपक्याकडे बघत राहायचं आणि केस जळल्यासारखा वास. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीतल्या टाकीवरचं नाव चष्म्याशिवाय वाचलं आणि मी रडले. त्या आनंदात कागद मागायचं कुणाला सुचतं? हातात ड्रॉप्सची एक चिठ्ठी होती, ती महिन्याभरात कुठेतरी गेली. तिथला सगळा स्टाफ 'लेझर मारलं' म्हणायचा, मग घरीही आम्ही तेच म्हणायला लागलो, ऑपरेशन हा शब्द कुणाच्या तोंडून एकदाही आला नाही.

आता पन्नाशी ओलांडल्यावर परत मायनस नंबर यायला लागला. मला वाटलं लॅसिक उतरलं, तपासलं तर मोतीबिंदू. (मोठ्या मायनसवाल्यांना तो लवकर येऊ शकतो हे तेव्हा कळलं.) गावातल्याच एका हॉस्पिटलमध्ये उजव्या डोळ्याचं ठरलं, फॉर्म भरायला दिला, त्यात 'पूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालंय का' असा रकाना होता आणि मी सरळ 'नाही' लिहिलं. लपवायचं काही कारणच नव्हतं हो, माझ्या डोक्यात ते ऑपरेशन नव्हतंच!

मोतीबिंदूत आत जी लेन्स बसवतात तिची पॉवर काढायला डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक काचेचा, बाक मोजतात. मायनस नंबरच्या लॅसिकमध्ये हीच काच मधोमध झिजवून सपाट केलेली असते. नेहमीच्या मोजणीत आणि नेहमीच्या फॉर्म्युल्यात हे धरलेलं नसतं, त्यामुळे हिशोब चुकतो, लेन्स कमी पॉवरची बसते आणि डोळा प्लसमध्ये जातो. माझंही तेच झालं. पट्टी काढली, रंग लख्ख दिसायला लागले, भिंतीवरचा पांढरा रंग खरंच पांढरा दिसला, पण समोरचं कॅलेंडर धूसर. नंबर आला प्लस पावणेदोन. मग कोल्हापूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी नुसता रिपोर्ट बघून पहिलाच प्रश्न विचारला, ताई, तुमचं लॅसिक झालंय का? कारण बाकाचं रीडिंग ३७ होतं आणि ते साधारण ४३-४४ च्या आसपास असतं म्हणे. म्हणजे पहिल्या ठिकाणीही कुणाला तरी शंका यायला हवी होती. फॉर्मवर 'नाही' मी लिहिलं हे कबूल, पण ३७ चा आकडा त्यांच्याच मशीनने छापला होता ना.

गेले दोन महिने एक डोळा प्लस पावणेदोन आणि दुसरा मायनस तीन, असं चाललंय. एवढा फरक चष्म्यात धड बसत नाही, दोन्ही डोळ्यांत वस्तू लहान-मोठी दिसते आणि डोकं दुखतं. चहा गाळताना धार कपाच्या काठावर पडते. जिना उतरताना शेवटची पायरी आहे की संपली ते पायाने चाचपून बघते.

डाव्या डोळ्याआधी जुने आकडे मिळाले तर बरं, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. पुण्याला फोन केले. ते सेंटर आता त्या जागेवर नाही, डॉक्टरांचा पत्ता लागला तर त्यांच्या माणसाने सांगितलं, इतक्या जुन्या फाइली आम्ही ठेवत नाही. शेवटी गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या मागे, स्टीलच्या डब्यात माझा २००३ चा चष्मा सापडला, एक काडी निखळलेली, काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड. तो चष्मेवाल्याकडे नेला, त्याने मशीनवर धरून नंबर लिहून दिला, साडेसात आणि सव्वाआठ. डॉक्टरांनी तो कागद फाइलला लावून घेतला. आता जुन्या आकड्यांशिवाय चालणारे नवीन फॉर्म्युलेही आहेत आणि उजवा डोळा किती चुकला त्यावरूनही अंदाज येतो, असं ते म्हणाले, पण हा चष्मा ठेवलात ते फार बरं केलंत असंही म्हणाले.

तुमच्या पानभर लेखात यातलं अवाक्षर नाही. ते जाऊ द्या, बाकीच्या पर्यायांनाही चार ओळीच मिळाल्यात. माझ्या भाचीला डिसेंबरात लग्नाआधी करायचंय, तिने तुमचा लेख मला फॅमिली ग्रुपवर पाठवला म्हणून तर हे सगळं निघालं. तिचा कॉर्निया ४९५ मायक्रॉन, नंबर आठ. फ्लॅपला साधारण ११० जातात, दर नंबराला अंदाजे १५ धरले तर आठला १२०, खाली राहिले २६५, आणि किमान २५० तरी शिल्लक हवेत म्हणतात. कागदावर बसतं, पण तिच्या डॉक्टरांनी काठावरचं काम नको म्हणून लेझरला नकार दिला आणि आत बसवायच्या आयसीएल लेन्सबद्दल सांगितलं, जी डोळ्यातल्या मूळ लेन्सच्या पुढे बसते आणि वेळ पडली तर काढताही येते. मला तो डॉक्टर आवडला. टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढायची तपासणी, न करताच उद्या या म्हणणाऱ्यांकडे पोरांनी जाऊ नये, कॉर्निया आधीच कमजोर असेल तर लेझरनंतर तो शंकूसारखा पुढे येऊ शकतो, हे तुम्ही ठळक अक्षरात छापायला हवं होतं.

आणि आयुष्यभर चष्मा नाही हेही खोटं. मला ४३ व्या वर्षी वाचायचा चष्मा लागलाच, कारण लेझर कॉर्नियावर मारतात आणि चाळिशी येते आतल्या लेन्समुळे. नंबर गेला तरी डोळा लांबीने तेवढाच राहतो, मागचा पडदा तेवढाच ताणलेला राहतो, म्हणून पडद्याची तपासणी सुटत नाही, आणि काच पातळ झाल्यामुळे डोळ्याचं प्रेशर मशीनवर कमी दिसतं, घरात काचबिंदू असेल तर दर वेळी डॉक्टरांना लॅसिकचं सांगावंच लागतं. माझ्या आईला काचबिंदू होता. वीस वर्षांत हे मला एकानेही सांगितलं नाही.

ज्यांना करायचंय त्यांनी जरूर करावं, मी कुणाला अडवत नाहीये. फक्त करणाऱ्याने आधीचा नंबर, आधीचा बाक, कॉर्नियाची जाडी असं सगळं एका कार्डावर लिहून पेशंटच्या हातात द्यावं, आणि पेशंटने ते लॅमिनेट करून आधार कार्डाबरोबर ठेवावं, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा, घरातल्यांनाही पाठवावा. २००३ च्या आसपास केलेले आम्ही सगळे आता मोतीबिंदूच्या वयाला आलोय, आमच्यापैकी कितीजण त्या रकान्यात 'नाही' लिहीत असतील या विचाराने मला काल झोप लागली नाही. तुमचा पेपर घरोघरी जातो, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

माझा डावा डोळा येत्या गुरुवारी आहे. फॉर्म भरून दिलाय, त्या रकान्यात 'लॅसिक, दोन्ही डोळे, २००३' असं लिहून खाली रेघ मारलीय.

अजून एक. पुरवणीतल्या चौकटी फिक्या पिवळ्यावर करड्या अक्षरात छापता, त्या माझ्या वयाच्या कुणालाही वाचता येत नाहीत. शब्दकोड्याचे चौकोनही दिवाळीपासून लहान केलेत, आमचे हे भिंग घेऊन सोडवतात. ते पूर्वीएवढे करा.

आपली,
एक जुनी वाचक, सांगली