जमा शस्त्र आधी रिकामे करा, मग नोंदवा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांची शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा होतात. कोणाचे घ्यायचे हे छाननी समिती ठरवते, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. आम्हाला काळजी आहे ती शस्त्र ठाणे अंमलदाराच्या टेबलावर येते तेव्हाची.

पिस्तूल रिकामे करताना आधी मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) काढायचे, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढायची. क्रम उलटला की चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरातली, गोळी बाहेर पडते, पण स्लाइड परतताना मॅगझिनमधली दुसरी आत ढकलते. नंतर मॅगझिन काढले तरी ती तिथेच असते, आणि ‘खात्रीसाठी’ ट्रिगर दाबला की बार उडतो. म्हणून स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहावे, करंगळीने चाचपावे. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरचे प्रत्येक घर तपासावे. बारा बोअरची दुनळी बंदूक उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे. या सगळ्या वेळी नळीचे तोंड वाळूच्या पेटीकडे आणि बोट ट्रिगरपासून दूर. अशी पेटी प्रत्येक ठाण्यात हवी.

शस्त्र नियम २०१६ परवाना मागणाऱ्याकडून हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागतात. तेच शस्त्र ताब्यात घेणाऱ्या अंमलदारालाही हे प्रशिक्षण मिळायला नको का? मुख्यालयातल्या आर्मररकडून (शस्त्रांची देखभाल करणाऱ्याकडून) प्रत्येक ठाण्यातल्या किमान दोघांना ते द्यावे, म्हणजे एक रजेवर गेला तरी अडणार नाही.

पावतीवर परवाना क्रमांकाबरोबर शस्त्राचा क्रमांक शस्त्रावरूनच वाचून लिहावा. जुन्या दुनळीचा क्रमांक कधी पुढच्या लाकडाखाली असतो, म्हणून घाईत परवान्यावरचाच उतरवला जातो आणि अदलाबदल झाली तर कळत नाही. काडतुसे मोजून, वेगळ्या पाकिटात, वेगळ्या कपाटात ठेवावीत. शस्त्राला बांधायच्या चिठ्ठीचा दोरा ट्रिगर गार्डमधून, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीतून, कधीही ओवू नये, ओढला गेला तर ट्रिगरच ओढला जातो.

मुद्देमाल खोलीतली ओल हा पावसाळ्यातला मोठा शत्रू. चामडी कव्हर ओलावा धरते, त्यात ठेवलेल्या नळीला गंज चढतो. कव्हर काढून, तेलाचा हलका हात फिरवून शस्त्र रॅकवर उभे ठेवावे. परत देताना पुन्हा तीच तपासणी करावी, आणि मालकाने नळी उजेडात पाहिल्यावरच त्याची सही घ्यावी.

आपले,
शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षक