सम्या, सॅडलला कानस लावू नकोस

सम्या लेका,

तुझा रात्री दीडचा मेसेज बघितला, गिटारचे सॅडल (ब्रिजवरचे तारा टेकायचे छोटे तुकडे) कानशीनं घासून खाली घ्यायचे म्हणतोस. फोनवर हे समजावता येणार नाही म्हणून लिहितोय, चहा घेऊन वाच.

तुझी स्ट्रॅट गिटार वाईट नाहीये. सॅडल पार तळाला टेकलेत, ते वरखाली करायच्या बारक्या स्क्रूंची टोकं वर येऊन तळहाताला टोचतायत आणि तरी बाराव्या फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी रेघ) ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, अडीच मिलीमीटर, म्हणजे ब्रिजला खाली जायला जागाच नाही उरली. गोची नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, कोनात आहे, ब्रिज बिचारा निमूट मार खातोय.

आणि ट्रस रॉडला (नेकमधली लोखंडी सळी) हात लावू नकोस हां. त्यानं नेकचा बाक बदलतो, कोन नाही, जखम मांडीला मलम शेंडीला. मी एका पावसाळ्यात हेच केलं, ॲक्शन वर गेली म्हणून पाव पाव फेरी आवळत बसलो आणि पहिल्या चार फ्रेटवर नुसती भुणभुण. मग एका दुरुस्तीवाल्याकडे नेली तर त्यानं सॅडलच घासून दिले, नवा सेट घ्यावा लागला.

तर काय करायचं, तारा सैल कर, नेक धरणारे मागचे चार स्क्रू काढ, आणि पॉकेटच्या (बॉडीत नेक बसतो ती खाच) ब्रिजकडच्या टोकाला एक पट्टी ठेव. मी जुन्या व्हिजिटिंग कार्डाची ठेवली. पॉकेट साधारण साडेसात सेंटीमीटर लांब, तिथं अर्ध्या मिलीमीटरची पट्टी घातली की हेडस्टॉक (नेकचं वरचं टोक) मागे झुकतो आणि सॅडल दीडेक मिलीमीटर वर घेता येतात. एवढ्याशा कागदाची एवढी करामत. यात लाज वगैरे काही नाही, ६० च्या दशकात स्ट्रॅट बनवणाऱ्या फेंडरच्या कारखान्यातच अशा पट्ट्या घालायचे, आणि १९७१ च्या सुमारास तीन बोल्टवाल्या स्ट्रॅटला तर ॲलन कीनं कोन बदलायची सोयच दिली.

गिब्सन कंपनीच्या गिटारवाल्यांना हे सुख नाही, नेक चिकटवलेला ना. १९५२ च्या पहिल्या लेस पॉल गिटारमध्ये कोन इतका कमी होता की तारा ब्रिजच्या दांड्यावरून न्यायला उंचीच नाही, मग खालून नेल्या! पाम म्यूट करायला, म्हणजे तळहातानं तारा दाबून वाजवायला, गेलं की दांडा हाताला आडवा येणार. १९५३ मध्ये कोन वाढवला, ब्रिजही बदलला, तेव्हा कुठे तारा वरून गेल्या.

आता आवडीचं. मला ब्रिज उंच लागतो, तारा बॉडीपासून लांब असल्या की पिक खाली आपटत नाही, हात मोकळा सुटतो. उंचीनं सस्टेन, म्हणजे सूर टिकण्याचा वेळ, वाढतो म्हणतात, माझ्या कानाला तरी फरक पडला नाही, उगाच कशाला थापा मारू. पण तू सगळं वजन ब्रिजवर टाकून चग-चग करणारा माणूस, तुला माझी गिटार परकी वाटेल. म्हणून पाव मिलीमीटरपासून सुरुवात कर, स्क्रू टोचायचे थांबले की थांब. नंतर पिकअपही (तारांखालचे आवाज टिपणारे) थोडे वर घे, तारा लांब गेल्यावर आवाज बसका येतो.

स्क्रू लाकडात पिळू नकोस, आधी उलटे फिरव, टक् करून जुन्या आट्यात बसले की मगच आवळ. नाहीतर असं कर, रविवारी गिटार घेऊन इकडेच ये. आणि येताना माझा डिले पेडल आण, आठ महिने झाले.

तुझा,
बंड्या