पाला जाळू नका, द्या!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पानगळ सुरू झाली आहे. पुण्यात हे पार होळीपर्यंत चालतं, रेन ट्री, देशी बदाम, पिंपळ, शिरीष सगळे आपापल्या वेळेने पानं टाकतात आणि सकाळी फिरायला बाहेर पडलं की कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यावर पाल्याचा ढीग धुमसत असतोच. कुणाला बोललं तर म्हणतात, पालाच तर आहे, प्लास्टिक थोडीच जाळतोय? पण दवाने ओलसर झालेला पाला नीट पेटत नाही, तासन् तास नुसता धूर होतो, त्यातली बारीक काजळी आपल्या फुप्फुसात जाते आणि हवेत असते तोवर ऊन शोषून हवा आणखी तापवते. राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटी) डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली, साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर २५ हजार दंड, तरी ढीग पेटतातच.

यात रस्ता झाडणाऱ्या मावशींना दोष द्यायचा नाही हे आधीच सांगते. त्यांना रस्ता वेळेत साफ करून दाखवायचा असतो, पाला न्यायला गाडी येईलच याची खात्री नाही आणि ढीग पडून राहिला तर बोलणी त्यांनाच बसतात. आणि बरेचदा काडी लावणारा आपल्याच सोसायटीचा वॉचमन असतो, त्याला सांगणारे आपणच.

आता याच गल्लीतल्या सोसायट्यांचे खताचे पिट बघा. बांधून ठेवलेत, मिळकतकरात सवलत मिळते म्हणून सुरुवातीला उत्साहही असतो, मग वास येतो, अळ्या होतात, मीटिंगमध्ये भांडणं होतात आणि पिट बंद. कारण बहुतेक वेळा एकच. भाजीची देठं, सालं, उरलेला भात सगळं ओलं आणि नायट्रोजनवालं, त्यात कोरडं कार्बनवालं काही पडलंच नाही तर ते गच्च बसतं, आत हवा जात नाही आणि सडतं. एक डबा ओल्या कचऱ्याला दोन-तीन डबे सुका पाला टाका, अधूनमधून हलवा, वास बंद होतो आणि दोन-तीन महिन्यांत चांगलं खत मिळतं. (बदामाची पानं जाड असतात, ती पायाने चुरून टाकावी लागतात, रेन ट्रीची बारीक पानं लवकर कुजतात.) लोक दुकानातून पैसे देऊन कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणतात आणि गेटबाहेर पाला जळत असतो, हे बघून खरंच जीव तुटतो.

पिट बंद पडला की तोच ओला कचरा गाडीत जातो आणि जिथे कुठे त्याचे थरावर थर साचतात तिथे हवेशिवाय सडून मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता अडवतो, वीस वर्षांच्या हिशोबात तर ८० पटींच्या आसपास. आणि जिथे शहराचा कचरा वर्षानुवर्षे टाकला गेला त्या उरुळी देवाची, फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या कचऱ्यापायी काय सोसलं, विहिरींचं पाणी कसं गेलं, किती वेळा गाड्या अडवाव्या लागल्या, हे पुणेकरांना मी नव्याने सांगायला नको.

म्हणजे एकाकडे पाला जास्त आहे, दुसऱ्याला तो हवा आहे, फक्त गाठ पडत नाही. पुण्यात ब्राऊन लीफ नावाचा नागरिकांचा उपक्रम नेमकं हेच करतो, पाला देणारे आणि घेणारे यांना जोडून देतो. गच्चीवर बाग करणारे, शेतात आच्छादन करणारे लोक पाला आनंदाने घेऊन जातात, कारण आच्छादन केलं की एप्रिल-मेच्या उन्हात माती लवकर सुकत नाही, पाणी कमी लागतं.

मला वाटतं हे काम गल्लोगल्ली न्यायचं असेल तर आपल्या गणेश मंडळांइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पोरं आहेत, टेम्पोची ओळख आहे, घराघरात वर्गणीमुळे जाणं-येणं आहे आणि विसर्जनाला निर्माल्य वेगळं गोळा करायची अनेकांना सवयही आहे. आमच्या गल्लीतल्या मंडळाने मागच्या पानगळीत एका रविवारी हे करून बघितलं. मावशी झाडून ढीग लावत होत्या, पोरं त्यातून गुटख्याच्या पुड्या, वायरी वेचून पोती भरत होती, लहान मुलं पोत्यात उभी राहून पाला दाबत होती, चहा सोसायटीकडून, आणि गच्चीवर बाग करणारे लोक येऊन पोती घेऊन गेले. दुपारपर्यंत एक पोतं शिल्लक राहिलं नाही. ज्या काकांनी आदल्या वर्षी पिट बंद करा म्हणून सही केली होती तेच आता पाला साठवायला जाळीचा पिंजरा करून घ्या म्हणून मागे लागलेत.

महापालिकेने फक्त एवढं करावं, जानेवारी ते मार्च प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने मावशींना पोती द्यावीत आणि पाला साठवायला बागेतला एक कोपरा ठरवून द्यावा, म्हणजे काडी लावायची वेळच येणार नाही.

आणि एक विनंती आपल्याला. पानगळ संपेपर्यंत दर शनिवारी शहर आवृत्तीत एक छोटी चौकट द्याल का, कुठल्या भागात पाला आहे, कुणाला हवा आहे, एवढीच? ज्येष्ठ मंडळी अजून पेपर बघूनच ठरवतात आणि बागा जास्त करून त्यांच्याच आहेत. आमच्या भागातली माहिती दर आठवड्याला गोळा करून पाठवायची जबाबदारी मी घेते.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे